कॅमेऱ्यासमोरचं गुड मॉर्निंग

आखाती देशातल्या आमच्या अल क्वोजच्या गोदामाचा युगांडाचा वॉचमन प्रत्येक गाडीला सलाम ठोकतो, रिकाम्या उभ्या गाडीलासुद्धा. तो आणि त्याचे रूममेट आळीपाळीने एकमेकांच्या दिवसाची डॉक्युमेंट्री काढतात. त्याचा नंबर आला तेव्हा एक रूममेट मोबाइल रोखून गेटवर उभा होता. मी मुद्दाम कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी लावून चालत गेटवर आलो आणि हसून म्हणालो, "गुड मॉर्निंग!"

"कट!" वॉचमन ओरडला. "सर, डॉक्युमेंट्री है. रोज जैसा करो."

दुसऱ्यांदा मी नुसती मान हलवली.

"कट! इतना भी नहीं, सर."

तिसऱ्यांदा मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून त्याच्यासमोरून निघून गेलो.

"खलास! परफेक्ट, हबीबी!"

तेव्हापासून मी रोज गुड मॉर्निंग म्हणतो. तो आधी आजूबाजूला कॅमेरा शोधतो. सापडला नाही की सलाम ठोकतो, माझ्या गाडीला.