अण्णांच्या गाडीचा हीटर

मुंबईत राहून गाडीचा हीटर दुरुस्त करणारं आमचं घराणं एकमेव असावं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडून जुनी विलायती गाडी घेतली होती. तिच्या हॉर्नपासून वायपरपर्यंत सगळं चालायचं. चालायचा नाही तो फक्त हीटर. मुलुंडमध्ये त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं, पण अण्णांचं अडलं.

"गाडीत बटण आहे आणि ते चालत नाही, म्हणजे काय?" ते म्हणाले. "तू डिप्लोमा कशात केलास?"

"मेकॅनिकलमध्ये."

"मग बघ की!"

मी बघितलं. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे नेणारा एक छोटा नळ गंजून बंद पडला होता. मी तो हातोडीने प्रेमळपणे ठोकला. नळ उघडला आणि त्याची चावी तुटून माझ्या हातात आली. (डिप्लोमात हा भाग नव्हता.) आता हीटर उत्तम चालत होता. बंद मात्र होत नव्हता!

"सुटा भाग मिळाला की बसवू," मी म्हणालो.

पण दुसऱ्याच दिवशी मे महिन्याच्या भर दुपारी आम्हाला अंधेरीला जायचं होतं. माझ्यासाठी मुलगी बघायला.

भांडुप येईपर्यंत माझ्या मोज्यांतून वाफ निघते आहे असं वाटू लागलं. कांजूरला आईचा गजरा सुकून तारेसारखा झाला. काचा खाली केल्या, तर बाहेरचं ऊन गार लागलं!

आई चिडली की मालवणीवर येई. "अरे मेल्या, माजे पाय भाजतत! गाडी थांबव!"

गाडी मी चालवत होतो; शेजारी बसलेल्या अण्णांचं लक्षच नव्हतं. ते इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होते. पवईच्या चढावर ही गाडी दर वेळी उकळायची आणि आम्ही बाटल्या घेऊन पाणी शोधत फिरायचो. त्या दिवशी ती एखाद्या नववधूसारखी शांतपणे चढली. इंजिनाची सगळी उष्णता हीटरवाटे आमच्या अंगावर येत होती ना!

"बघितलंस?" अण्णा घाम पुसत म्हणाले. "इंजिन कसं गारेगार! आता हा हीटर बंद करायचाच नाही."

अंधेरीला उतरलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता, पावडरचे ओघळ कॉलरपर्यंत आले होते आणि पेढ्यांच्या पुड्याची बासुंदी झाली होती.

"बरं नाही का?" मुलीच्या वडिलांनी मला विचारलं.

"छे! हीटर चालू होता," अण्णा म्हणाले.

"कुठे?"

"गाडीत."

"मुंबईत?"

"हो."

मुलीच्या वडिलांनी तिच्या आईकडे बघितलं. तिने दाराकडे बघितलं. मला मलेरिया असून तो लपवला जातोय, अशी त्या घराची खात्री झाली.

मुलगी पोहे घेऊन आली. नाव सुनंदा.

"काही विचारायचं असेल तर विचारा," तिचे वडील कसंबसं म्हणाले.

मी विचारलं, "पाणी मिळेल?"

तिने पेला दिला. मी संपवला. दुसरा दिला. तोही संपवला. शेवटी ती आत जाऊन कळशीच घेऊन आली आणि माझ्या पायाशी ठेवून गेली!

परतीच्या वाटेवरही हीटर चालूच होता. बोलायला तोंड उघडलं तर जीभ सुकत होती. आई फक्त एकदा म्हणाली, "गेली ही मुलगी."

आठवड्याभरात तिकडून होकार आला. अण्णांनी श्रेय गाडीला दिलं, आईने देवीला.

लग्नानंतर मी सुनंदाला विचारलं, "तू हो कशी म्हणालीस गं?"

"मला बघून तुम्हांला केवढा घाम फुटला होता!" ती म्हणाली. "म्हटलं, इतका घाबरणारा माणूस जन्मभर आवाज चढवायचा नाही."

मी तिला खाली नेऊन गाडीत बसवलं, एक फेरी मारून आणली. लालबुंद होऊन ती उतरली आणि खट्टू होऊन म्हणाली,

"म्हणजे तुम्ही मला घाबरला नव्हतात?"

"तेव्हा नव्हतो," मी म्हणालो.