ब्रिगेडमधला लहू

भोईवाड्याच्या चाळीत बुद्धभूषण गमरेने ‘मी आर्मीत चाललोय’ असं सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती त्याची बायको अक्षता. हसण्यासारखं होतंच. चौतिशी उलटलेली, डोळ्यांना जाड चष्मा आणि आजवरची सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर बसून झालेली.

“बंदूक कोण देणार तुला?” तिने विचारलं.

“बंदूक नाही गं, शिक्का देणार. आर्मीचंही पोस्ट असतं. आमच्यातलेच लोक जातात तिथे काही वर्षं.”

त्याला जायचं होतं ते निव्वळ कुतूहलापोटी. काउंटरवर सैन्याचे पत्ते यायचे. नाव, पलटण, पिनकोड, की संपलं. गाव नाही, जिल्हा नाही. पोस्टातल्या माणसाला असा पत्ता म्हणजे डोळ्यांत गेलेलं कुसळ. हे सगळं जातं तरी कुठे, हे त्याला बघायचं होतं.

कामठीला ट्रेनिंग झालं आणि त्याला एका पायदळ ब्रिगेडच्या फील्ड पोस्ट ऑफिसात पाठवलं. ते कुठे, हे त्याने अक्षतालाही सांगितलं नाही; सांगायची परवानगीच नव्हती. डोंगर आहेत, थंडी आहे, एवढंच. पत्र्याची एक लांबट शेड, मधोमध ऊब देणारी रॉकेलची शेगडी, म्हणजे बुखारी, आणि भिंतीला लागून लाकडी खण. प्रत्येक खणावर एकेका युनिटचं नाव. सकाळी त्या त्या युनिटचा डाकवाला जवान यायचा आणि आपल्या खणातली डाक पिशवीत भरून न्यायचा.

ब्रिगेड म्हणजे काय, हे बुद्धभूषणला पहिल्यांदा कळलं ते त्या खणांवरून. त्याची समजूत होती, ब्रिगेड म्हणजे एक मोठी पलटण. तसं नव्हतं. तीन खण पायदळाच्या तीन पलटणींचे. त्यांच्या शेजारी तोफखान्याचा, मग पूल आणि रस्ते करणाऱ्या इंजिनीअरांचा, मग वायरलेसवाल्या सिग्नल कंपनीचा. पलीकडे डॉक्टर लोक, रेशन पोचवणारे, गाड्या दुरुस्त करणारे. आणि या सगळ्यांच्या वर ब्रिगेडचं हेडक्वार्टर. तिथे एक ब्रिगेडियर आणि हाताखाली मोजके अधिकारी. एकाने लढाईचं बघायचं, दुसऱ्याने खाण्यापिण्याचं, कपड्यालत्त्याचं. बुद्धभूषणला मौज वाटली. तीन हजारांच्या आसपास माणसं, पण हेडक्वार्टर बघाल तर एखाद्या नगरपालिकेच्या शाळेएवढं.

तो रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा ते पार्सल आलं. फडक्यात शिवलेलं, वर मार्करने लिहिलेलं: ‘लहू, ब्रिगेड’. पुढे पिनकोड. पलटण नाही, नंबर नाही, आडनावही नाही. पिनकोडच्या जोरावर ते इथवर पोचलं होतं. पाठवणारी ‘मंजुळा, शिवडी कोळीवाडा’. फोन नंबर होता, पण तेल लागून निम्मा पुसला गेलेला.

आत काय आहे ते विचारावं लागलं नाही. बुखारी पेटली आणि शेडभर सुक्या बोंबलांचा वास दरवळला. सोबतचा हरयाणाचा पोस्टमन नाकाला रुमाल लावून म्हणाला, “साब, इसमें कोई मर गया है.”

बुद्धभूषणने मात्र पार्सल नाकाशी धरलं. परळच्या बाजारातून त्याची आई आणायची, तोच वास.

नियमाप्रमाणे पार्सल परत पाठवता आलं असतं. पण पोस्टातल्या माणसाला माणूस सापडत नाही म्हणजे काय! त्याने सकाळी येणाऱ्या प्रत्येक डाकवाल्याला विचारलं. तिन्ही पलटणींत लहू नव्हता. तोफखान्यात नव्हता, इंजिनीअरांकडे नव्हता. सिग्नलवाल्यांकडे एक लाहू सिंग निघाला, तो पंजाबचा.

शेवटी त्याने अक्षताला फोन केला. “रविवारी शिवडीला जाऊन येशील?”

अक्षता परळला एका लॅबमध्ये कामाला होती. नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. पण पार्सलची गोष्ट ऐकून तिलाही चुटपुट लागली. रविवारी ती कोळीवाड्यात गेली. बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, आणि खाली बसून एक पन्नाशीची बाई जवळा निवडत होती. तीच मंजुळा, लहूची आई.

“लहू आमी म्हणतो गो,” ती म्हणाली. “कागदावर दिनेश. दिनेश वैती.”

“मावशी, पलटण कुठली त्याची?”

“ब्रिगेड.”

“ब्रिगेडमध्ये पुष्कळ पलटणी असतात हो.”

“असतील. त्याचा सायब ब्रिगेडचा, ड्युटी ब्रिगेडची, खेळात कप मिळाला तोपण ब्रिगेडचा. मग मी ब्रिगेडलाच पाठवला.”

“फोनवर विचारायचं ना त्याला.”

“फोन लागला की मी इचारते, जेवलास का. पलटण कोण इचारतो?” मंजुळाने हातातलं सूप खाली ठेवलं. “आता तर पंधरवडा झाला, फोनच नाय. शेवटचा आला तवा म्हणाला, सामान बांधतोय.”

अक्षता तिथूनच नवऱ्याशी बोलली. “मावशी म्हणतात बंदुकीवाला आहे, म्हणजे तुझ्या त्या तीन पायदळ पलटणींतलाच. आणि ऐक, तो सामान बांधत होता. सुट्टीवर येणार असता तर आईला सांगितलं नसतं?”

बुद्धभूषण दुसऱ्या दिवशी हेडक्वार्टरच्या हेडक्लार्ककडे गेला. गढवालचे सुभेदार, निवृत्तीला आलेले. दिनेशचं नाव आणि सामान बांधल्याची गोष्ट ऐकून ते हसले.

“अरे मुंबई, तू आलास त्याच्या थोडं आधी एक पलटण इथून गेली. तिच्या जागी ही नवी आली. तुझा माणूस जुन्या पलटणीचा.”

“मग ब्रिगेड बदलली?”

“ब्रिगेड कशी बदलेल? ब्रिगेड इथेच.”

त्यांनी त्याला मीटिंगच्या खोलीत नेलं. भिंतीवर लाकडी फळा होता, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत आजवर या ब्रिगेडमध्ये राहून गेलेल्या पलटणींची नावं. मद्रासपासून कुमाऊंपर्यंत. दोन-अडीच वर्षं राहायचं आणि पुढे जायचं. ब्रिगेड मुळात दुसऱ्या महायुद्धात परदेशी वाळवंटात उभी राहिलेली. लढाई संपल्यावर सरकारने ती मोडून टाकली. पुढे बऱ्याच वर्षांनी तोच नंबर देऊन इथे डोंगरात पुन्हा उभी केली.

“मोडली तेव्हा मधल्या काळात काय होतं?” बुद्धभूषणने विचारलं.

“काहीच नाही. नंबर होता.”

त्याने फळ्यावरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली. माणसं तीच नाहीत, पलटणी त्याच नाहीत, जागासुद्धा ती नाही. तरी सगळे छातीठोकपणे ‘आपली ब्रिगेड’ म्हणतात. रात्री फोनवर तो अक्षताला म्हणाला, “आपल्या चाळीसारखंच आहे. कोण कोण येऊन राहून गेलं खोल्यांत, पण गणपतीला, जयंतीला नाव चाळीचंच.”

पार्सलवर त्याने नीट पत्ता घातला: दिनेश वैती, पलटणीचं नाव, नवा पिनकोड. दुसऱ्या फडक्यात शिवलं आणि पुढे रवाना केलं. आठवडाभराने दिनेशने आईला फोन केला. बोंबील पोचले होते. अर्धे बराकीतल्या पोरांनी खाल्ले, आणि अर्धे वासाला कंटाळून त्याच्या पलटणीतल्या सुभेदारांनी बाहेर टांगायला लावले होते.

सुट्टीवर आल्यावर बुद्धभूषण अक्षताला घेऊन शिवडीला गेला. मंजुळाने चहा केला आणि त्याला समोर बसवून घेतलं. आता तिला सगळं समजून घ्यायचं होतं. त्याने सांगितलं, तीन पलटणी, तोफा, पूल बांधणारे, डॉक्टर. ती मधेमधे अडवत होती. रेशनवाले पुढं जातात का मागं राहतात? ताप आला तर डॉक्टर येतो का पोराला चालवत नेतात? तोफा मागून डागतात तर पुढच्या पोरांना लागत नाय?

शेवटच्या प्रश्नावर बुद्धभूषणने कप खाली ठेवला. “विचारून सांगतो,” तो म्हणाला.

“आनि ही जी नवी पलटण आली तिकडं, तिच्यात आपल्या समुद्राकडचा कोन हाय?”

“ते मी विचारलंच नाही, मावशी.”

“मग काय इचारलंस?”

अक्षता फसकन हसली. सुट्टी संपवून तो परत गेला. सकाळी नव्या पलटणीचा डाकवाला आला, तेव्हा त्याने आधी तेच विचारलं. एक पोरगा निघाला, अलिबागकडचा. बुद्धभूषणने त्याच्याकडून त्याच्या आईचा फोन नंबर घेतला आणि मंजुळाला पाठवून दिला. तोफांचं मात्र त्याला अजून नीट समजलेलं नव्हतं. दुपारी डाक लावून झाली की तो हल्ली तोफखान्याच्या हवालदाराला चहाला बोलवायचा.