हिरामावशीची हाक

हिरामावशी चालता चालता मध्येच थांबून मागे वळून बघायची. वरोरहून मासळीची पाटी घेऊन मसोलीत आमच्या दारी यायची, तेव्हाही फाटकाशी वळायचीच. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "जाताना वाट एक दिसते, येताना दुसरीच. बघून ठेवलेली बरी."

आम्ही शिक्षकांनी घरच्यांसह उत्तराखंडची सहल ठरवली, तेव्हा एक जागा रिकामी होती. "मला ने, बाई," मावशी म्हणाली. "आमच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं तेवढी. डोंगरातलं जुनं रान एकदा बघू दे." साठी उलटलेली ती बाई लुगडं खोचून, पायात मुलाचे बूट घालून आली.

पाइनचं ते रान फार जुनं. दोघांच्या कवेत न मावणारी खोडं, खाली वाळक्या सुयांचा निसरडा थर. मावशीने एका खोडाला नाक लावलं आणि हसली. "राळ! आमच्या होडीचा वास."

दुपारी धुकं उतरलं आणि माझे यजमान दिसेनात. फोटो काढायला ते पुढे गेले होते. फोनला रेंज नव्हती. आम्ही सगळेच शोधायला धावलो, तर मावशीने हात आडवा धरला.

"कोणी हलायचं नाय! पांगलात तर कोणाकोणाला शोधू? होडी धुक्यात अडकली की आम्ही किनाऱ्यावरून डबा वाजवतो."

तिने जेवणाचा स्टीलचा डबा चमच्याने बडवायला घेतला. वाजवायची, हाक मारायची, मग सगळ्यांना गप्प करून ऐकायची. तास झाला. तिचा आवाज बसला. "मावशी, आता पुरे, खाली जाऊन मदत आणू," कोणीतरी म्हणालं.

"दोघं जा. मी उठणार नाय."

अखेर खालून बारीक "ओ" आला. घळीत घसरलेले यजमान त्या आवाजाच्या रोखाने हातापायांवर चढत आले. गुडघे सोललेले.

"फोटोपायी जीव घालवतो का रे कोणी?" मावशी त्यांच्यावर ओरडली आणि बाजूला जाऊन बसली. मी पाणी घेऊन तिच्याजवळ गेले.

"माझ्या घरधन्यासाठी पण वाजवलेला," ती हळूच म्हणाली. "लोक बोलले, हिरा, आता बस. मी थांबले. होडी सापडली ती रिकामी."

गेल्या वर्षी मावशी गेली. यजमान खांदा द्यायला वरोरला गेले. तिथे एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्ही तिचे कोण?"

"तिच्या हाकेने परत आलेला," ते म्हणाले.