मेव्हण्यानं बसवलेलं इंजिन

पैलवानाला पैलवान का म्हणतात, हे त्याला पाहून कुणालाच सांगता आलं नसतं. अंगावर मांस औषधालाही नव्हतं. पण कुऱ्हाडीनं ओंडके फोडण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. मग खांदा गेला आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद केली. तेव्हापासून ओंडके फोडायचं यंत्र हेच त्याचे हात. छोटं पेट्रोल इंजिन पंप फिरवायचं, पंप तेलाच्या दाबानं पाचर पुढे रेटायचा आणि बेकरीच्या भट्टीचं जळण दुपारपर्यंत रचून व्हायचं.

एका सकाळी इंजिन खडखडलं आणि थांबलं. पैलवानानं टाकी पाहिली, पेट्रोल होतं. प्लग काढून घासला, ठिणगीही पडत होती. पण सुरू करायची दोरी ओढली, तर विहिरीतून रिकामा पोहरा यावा तशी ती अलगद हातात आली. आत दाब म्हणून उरलाच नव्हता. खालचा बोल्ट सोडला, तर चमचाभर काळं ऑइल निघालं आणि त्यात धातूचा चुरा. इंजिन कामातून गेलं होतं.

मुलगा म्हणाला, आता पुरे. बाबांनी ठोकाठोकी करून काहीतरी मोडायची ही पहिली वेळ नव्हती. याही खेपेला चूक त्यांचीच निघाली, तर यंत्र विकायचं आणि बाबांनी आराम करायचा. तो काळजीपोटीच बोलत होता, पण घरी बसायची नुसती कल्पनाही पैलवानाला सहन होईना.

बायकोनं कुणाला न विचारता आपल्या भावाला फोन केला. तो पाण्याचे पंप भाड्यानं द्यायचा. त्याच्या कडक इस्त्रीवरून पैलवान त्याला तोंडावर लाटसाहेब म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. मेव्हण्यानं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आपल्याच एका पंपावरचं त्याच मापाचं इंजिन काढून तो घेऊन आला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी भुशात बसला.

दोघांनी जुनं उतरवून दुसरं चढवलं. इंजिन आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे दोन्ही भाग पैलवानानं सवयीनं हातोडीनं ठोकून एकमेकांना भिडवले. कुऱ्हाडीचा दांडाही तो असाच बसवायचा. आता दोरी जागची हलेना. मेव्हण्यानं इंजिन जरा मागे सरकवलं, तशी दोरी सहज आली. पुढे घेतलं, पुन्हा अडली. मग त्यानं जुनं इंजिन आडवं करून पाहिलं. त्याच्या फिरत्या दांड्यावरचं, ऑइल अडवून धरणारं सील फाटलेलं होतं.

पैलवानाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याचं तोंड उतरलं. मागे कपलिंगमधलं रबर बदलताना त्यानं असंच ठोकलं होतं. तेव्हा दोरी जड आली होती, पण इंजिन चालू झालं होतं. दांड्यावर रेटा येत राहिला, सील गेलं, ऑइल भुशात झिरपलं, इंजिन कोरडं चालत राहिलं आणि कुणाला कळलंही नाही. मेव्हण्यानं एका खोक्याचा पुठ्ठा फाडून दोन भागांमध्ये धरला, तेवढी फट ठेवून बोल्ट आवळले आणि पुठ्ठा काढून घेतला. ऑइल भरल्यावर दोरी ओढली, तर इंजिन गुणी पोरासारखं चालू लागलं. त्यानं ते खात्रीपुरतं चालवून बंद केलं.

तो आवाज ऐकून मुलगा बाहेर आला.

"मामा, खरं सांगा. जुनं कशानं गेलं?"

पैलवानानं मान खाली घातली.

"कपलिंग घट्ट बसलं होतं," मेव्हणा म्हणाला. "असंच ठोकून मी दोन इंजिनं घालवलीत. भाऊजींचं तर एकच गेलं. मला सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, त्यांना मी आहे."

मुलानं एक ओंडका उचलून पाचरीसमोर ठेवला आणि बाबांना जागा करून दिली.

पैलवानानं मेव्हण्याचे ऑइलनं माखलेले हात धरले. "आज तू मला घरी बसण्यापासून वाचवलंस. मी हे विसरणार नाही."

"वाचवलं ते ताईला," मेव्हणा म्हणाला. "तुम्ही दिवसभर घरात असता, तर ती माझ्याकडे राहायला आली असती."

पैलवान हसला, बाहीनं डोळे पुसले आणि दोरीला हात घातला.