अण्णांचं आउटबोर्ड, आमच्या गार्डनमधल्या ड्रममध्ये

माझे सासरे आज सकाळी गेले. कमेंटमध्ये 'सुटले' असं कोणी लिहू नका.

ते सुटले नाहीत. लंडनच्या पिनरमधल्या आमच्या सेमी-डिटॅच्ड घरात अडकले, ते शेवटपर्यंत तिथेच होते.

अण्णांची सगळी नोकरी इथेच झाली, बँकेत. रिटायर झाल्यावर मात्र दर हिवाळ्यात देवगड. तिथल्या खाडीत त्यांची छोटी होडी होती, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली.

मग फुप्फुसं बिघडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नो फ्लाइंग."

कारमध्ये बसल्यावर अण्णा मला एवढंच म्हणाले, "म्हणजे आता हेच."

आणि माझंही हेच. मी घरून काम करते, माझा नवरा निखिल आठवडाभर एडिनबराला. अण्णांना एकटं सोडून मला साधं स्टेशनपर्यंत जाता येईना.

खरं सांगते, त्या घराचा, त्या खोकल्याचा मला राग यायचा. आणि अण्णांना माझ्या धडधाकट छातीचा यायचा. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना चहा करून द्यायचो आणि धुमसायचो.

उन्हाळ्यात शेजारच्या ग्रॅहमने गॅरेज रिकामं केलं. त्यात एक जुनाट आउटबोर्ड निघालं. अण्णांनी ते मागून घेतलं.

आमच्याकडे बोट नाही. पिनरला समुद्रही नाही.

पण ग्रॅहमची बोट आहे, किनाऱ्यावर. तो म्हणाला, हे चालतं करून दाखवा, एका संडेला माझ्या बोटीला लावू आणि तुम्हाला समुद्रावर नेऊ.

अण्णा त्या दिवशी दोनदा भात मागून जेवले.

दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर माझ्या किचन टेबलवर. आत जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकटलेलं. ते काढायला माझा दागिने घासायचा ब्रश गेला. अण्णा काही मेकॅनिक नव्हते. व्हिडिओ बघायचे, चुकायचे, आणि व्हिडिओवाल्याला शिव्या घालायचे.

गार्डनमध्ये पाण्याने भरलेला निळा ड्रम, त्याच्या काठावर फळी, फळीला इंजिन, खालचा पंखा पाण्यात. धुरामुळे अण्णांना बाहेर बंदी. ते कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, दारामागे खुर्ची टाकून बसायचे. दोरी ओढायला मी, आत लॅपटॉपवर मीटिंग म्यूट करून.

"ओढ गो! पडदा सरकवतेस काय? हिसका दे!"

"अण्णा, माझा खांदा निखळेल."

"निखळू दे. चोक अर्धा आत कर."

एके दिवशी ते सुरू झालं. शेजारचे कुत्रे भुंकायला लागले आणि अण्णा दारावर अंगठी आपटत सुटले. मला वाटलं काच फुटते आता.

मग रोज ट्यूनिंग. स्क्रू किंचित फिरवायचा आणि ऐकायचं.

"खोकतंय. अजून थोडा फिरव... हां. बघ, माझ्यापेक्षा बरा श्वास घेतंय."

वीकेंडला निखिल आला. तो इथलाच जन्मलेला, त्याचं मराठी त्याच्या पद्धतीचं. "अण्णा, नेबरची मेसेज आला. तुमचा इंजिन खूप लाउड आहे."

"त्यांना सांग, येत्या संडेनंतर गप्प होईल."

कारण संडे ठरला होता. ग्रॅहमने सँडविच कुठली आणू तेसुद्धा विचारून झालं होतं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. अण्णांनी पाना, स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप आणि इंजिन, सगळ्यांची पूजा केली. इंजिनला झेंडूची माळ.

दसऱ्याला प्रश्न आला निर्माल्याचा. ते बिनमध्ये टाकणं अण्णांना जन्मात जमलं नाही. वाहत्या पाण्यातच सोडायचं. आणि इथल्या नदीत सोडलं तर लोक फोटो काढतात.

"इंजिन सुरू कर," अण्णा म्हणाले. "गिअरमध्ये टाक."

पंखा फिरला, ड्रममधलं पाणी गरागरा फिरायला लागलं. अण्णा नाकाला मफलर बांधून बाहेर आले आणि परडीभर फुलं त्यांनी त्यात सोडली.

"झालं की नाही वाहतं पाणी?"

मीही हात जोडले. किती दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो.

इंजिन स्वतःला गार ठेवायला खालूनच पाणी ओढतं. त्याने पाण्याबरोबर झेंडूही ओढला. पाकळ्यांनी वाट बुजली, वाफ आली, जळका वास आला आणि इंजिन बंद पडलं. मग दोरी हलेचना.

अण्णा आत जाऊन बसले. मफलर सोडायचंही भान नव्हतं त्यांना.

संडे गेला. थंडी पडली, ग्रॅहमने बोट पाण्याबाहेर काढली. "स्प्रिंगमध्ये जाऊ," असं तो म्हणाला, फार प्रेमाने. अण्णांनी नुसती मान हलवली. स्प्रिंग आपल्याला मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

तरी त्यांनी इंजिन सोडलं नाही. आता ते पलंगावरून सांगायचे आणि मी करायचे. आत तेल सोडून ठेवलं, अडकलेला पिस्टन हळूहळू मोकळा झाला. चिमट्याने पाकळ्या काढल्या, पाणी ओढणारा छोटा रबरी पंखा नवा बसवला. मला चिडायला वेळच उरला नाही.

गेल्या आठवड्यात एका दुपारी ते चालू झालं. अण्णांच्या खोलीची खिडकी गार्डनवरच उघडते. वारा उलट्या दिशेचा होता म्हणून मी ती जराशी उघडी ठेवली होती.

ते डोळे मिटून ऐकत होते. मी म्हटलं, "अण्णा, बंद करू?"

"आता नको. डावीकडे घे जरा. पुढे खडक आहे."

मला काही कळेना. मग कळलं.

होडी डावीकडे न्यायची तर हँडल उजवीकडे ढकलायचं असतं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी ढकललं. पाणी घुसळून ड्रमच्या काठावरून माझ्या पायांवर सांडलं.

"बस्स," अण्णा म्हणाले. "आता सरळ चल."

मी हँडल सरळ धरलं आणि पेट्रोल संपेपर्यंत तशीच उभी राहिले.

सावकाश जा, अण्णा. तुमच्या सुनेचा नमस्कार.