पान्याला पाईप लावू न देणारे आप्पा

यवतला हायवेवर किसनआप्पांचं गॅरेज, शेजारी माझं स्पेअरपार्टचं दुकान. चाकाचे नट आवळताना कुणी पान्याला लोखंडी पाईप अडकवला, की आप्पा हातातलं काम टाकून धावत. "काढ तो पाईप! जोरच करायचा आसंल तर हिरीत उडी मार, माझ्या दारात न्हाई." गिऱ्हाईक रागावून जायचं, त्याबरोबर माझंही जायचं.

एकदा मी चिडून म्हटलं, "आप्पा, जरा जास्त घट्ट बसलं तर बिघडलं कुठं?" त्यांनी मला माझ्याच दुकानाच्या दाराशी नेलं. "कडीपाशी बोट लावा. उघडलं? आता बिजागरीपाशी ढकला." खांदा लावला तेव्हा कुठं दार हललं. "दार त्येच, मानूस त्योच. लांबनं रेटलं की बळ वाढतंय. पाईप लावला की आपल्याला वाटतं, जरासंच आवळलं. आन् आत बोल्ट ताणून मरतोय."

हे शहाणपण त्यांना फार महागात पडलं होतं. खुटबावहून बायकांना फुलं तोडायला नेणाऱ्या टेम्पोचं चाक त्यांनीच आवळलं होतं, पाईपवर उभं राहून. आपली बायको सुमनही बसणार, म्हणून अंमळ जास्तच. कासुर्डीपाशी बोल्ट तुटले, चाक निखळलं. सुमनवहिनींचा पाय गुडघ्याखाली गेला.

वहिनी त्यांना भाकरी वाढत, बोलत, हसतसुद्धा. पण आप्पांचा हात लागलेल्या गाडीत कधी बसल्या नाहीत. कुबडी टेकत एसटीपर्यंत चालत जात. "राग न्हाई वो भावजी," मला म्हणाल्या, "भ्या वाटतंय." आप्पा मागंच उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं आप्पांच्या किडन्या गेल्या. दौंडला दवाखान्यात न्यायला जीप आणली, तर निघतानाच पंक्चर! ड्रायव्हरनं चाक बदललं, नट आवळले. आप्पांना आत बसवलं, पण वहिनी खालीच उभ्या.

"तुम्ही हात लावा," त्या आप्पांना म्हणाल्या, "मग बसते."

मी त्यांना धरून उतरवलं. त्यांनी पाना नटावर ठेवला, टोकाला धरून रेटला. पाना तसूभरही हलला नाही. अंगात बळच कुठं उरलं होतं?

"झालं," आप्पा पुटपुटले.

वहिनींनी सगळं पाहिलं होतं. कुबडी माझ्या हातात देऊन त्या आत चढल्या.

चार दिवसांनी आप्पा गेले. पण त्या दिवशी दौंड येईपर्यंत वहिनी त्यांच्या शेजारी बसून होत्या.