शेजारच्या झाडांच्या मंजिऱ्या

माझ्या सासूबाईंना रिकामं बसवत नाही. पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, श्रूजबरीला आल्या की आठवड्यात माझं स्वयंपाकघर त्यांचं होतं आणि महिन्याभरात अंगणसुद्धा. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे खुडायला, निवडायला, उपटायला काही म्हणता काही उरलं नव्हतं. त्यामुळे शेजारच्या काकांनी मागच्या झाडांना चार दिवस पाणी घालाल का असं विचारलं, तेव्हा मलाच हायसं वाटलं. म्हटलं, चला, आईंना काम मिळालं.

काका-काकू आपले आम्ही घरात म्हणायचो. समोर अर्थातच नावाने हाक, अमेरिकन माणसं ती. काका शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेले आणि काकूंचा जन्म बागेत गेलेला. त्यांना कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाल्यापासून त्यांचं जेवणच तुटलं. ताट समोर आलं की मळमळायचं. मग काकांनी मागच्या अंगणात उंच कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि गांजाची चार झाडं लावली. आमच्या राज्यात घरापुरती लावता येतात. दुकानातही मिळतो, पण त्याने काकूंचं डोकं गरगरायचं, घाबरायला व्हायचं. ह्या झाडांच्या फुलांचं मात्र त्यांना सोसायचं. काका ती फुलं वाळवून बटरमध्ये मंद शिजवायचे, त्याची बिस्किटं करायचे. त्यातला एक तुकडा खाल्ला की तासाभराने काकू चार घास जेवायच्या. पीक वर्षातून एकदाच, ऑक्टोबरात, आणि तेच वर्षभर पुरवायचं. आदल्या वर्षीचं तळाला गेलं होतं.

काकूंना इन्फेक्शन होऊन वूस्टरला ॲडमिट करावं लागलं आणि काका किल्ली आमच्याकडे देऊन तिकडेच राहिले. माझा नवरा त्या किल्लीला हात लावायला तयार नव्हता. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आणि वकिलाने बजावलेलं, राज्याचा कायदा काही म्हणो, केंद्राच्या कायद्याने गांजा गुन्हाच आहे, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. पाणी घालण्यापुरतं ठीक आहे, नवरा म्हणाला, आणि आईला सांगू नकोस कसली झाडं आहेत ते, उगाच महाभारत नको. मलाही पटलं. मी आईंना सांगितलं, औषधाची झाडं आहेत, काकूंसाठी आहेत, जपून पाणी घाला. हे जपून जरा जास्तच झालं.

तीन-चार दिवसांनी मी ऑफिसातून आले तर आई दारातच, हाताला कसलातरी उग्र वास आणि चेहऱ्यावर केवढं समाधान. म्हणाल्या, अगं, काय ती झाडांची दशा, सगळ्या मंजिऱ्या तशाच ठेवल्यात. तुळशीला मंजिऱ्या आल्या आणि खुडल्या नाहीत तर झाड वाळतं, पानं धरत नाही, एवढंही कळत नाही का ह्या लोकांना? तीन दिवस खपून सगळ्या खुडल्या बघ. बुंध्याशीच टाकल्या, खत होईल.

मी तशीच धावले. फाटक उघडून कुंपणाच्या आत गेले. चारही झाडं खालून बोडकी. पांढऱ्या केसांची ती कोवळी फुलं मातीत पडलेली, वरून आईंनी भरपूर पाणी घातलेलं, अर्धी काळी पडून कुजायला लागलेली. वर्षभराचं जेवण होतं ते काकूंचं. मी नवऱ्याला फोन करून आधी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. घे म्हटलं, महाभारत नको होतं ना तुला?

घरी येऊन आईंना खरं काय ते सांगितलं. गांजा आहे म्हटलं. त्या झाडांच्या फुलांवरच त्या बाईचं खाणं आहे, आणि तुम्ही फुलंच काढून टाकलीत. मी तयारीत होते, आता ह्या म्हणणार, शिव शिव, गांजाला हात लावायला लावलास मला. तसलं काही झालं नाही. त्या पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता ती जेवणार कशी?"

काका काकूंना घरी घेऊन आले तेव्हा मी काकांना आधीच गाठून सांगितलं. ते एका झाडापाशी उभे राहिले, मग दुसऱ्यापाशी. मी त्यांच्या चिडण्याचीच वाट बघत होते, म्हणजे मला तरी बरं वाटलं असतं. ते उपड्या बादलीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले की आता थंडी तोंडावर आली, पुन्हा फुलायला वेळ नाही. आणि हे तिला कळू देऊ नका.

पण आई ऐकतात थोड्याच. दुसऱ्या दिवशी मऊ भाताचा डबा घेऊन थेट काकूंच्या पलंगाशी जाऊन बसल्या, मी मागे. इंग्रजी येत नाही म्हणून अडलं नाही. बोटांनी खुडल्यासारखं करून दाखवलं, मागे कुंपणाकडे बोट केलं आणि स्वतःचे कान धरले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी नाइलाजाने सगळं सांगितलं, तुळशीसकट. त्या जे हसायला लागल्या ते खोकला लागेपर्यंत. मग मला म्हणाल्या, ह्यांना सांग, मी पण माझ्या बेसिलचे तुरे असेच खुडते. तीही तुळशीचीच बहीण ना. आईंनी त्यांचा हात धरला तो निघेपर्यंत सोडलाच नाही.

एक गोष्ट मात्र नशिबाने झाली होती. आमच्या आई बुटक्या. झाडं वाढलेली माझ्या नवऱ्याच्याही डोक्यावर. त्यांचा हात जिथवर पोचला तिथवर सफाई झाली होती, शेंडे वाचले होते. काका रोज सकाळी भिंगातून ती फुलं बघायचे. त्यावरचे बारीक थेंब काचेसारखे असतात ते दुधाळ झाले की काढायची, असं त्यांनी मला सांगितलं. ऑक्टोबरात दव गोठणार अशी बातमी आली आणि काका म्हणाले, आज.

नवरा कुरकुरला, पण शेवटी शिडी धरायला तोच आला. काकांनी वरच्या फांद्या कापून खाली दिल्या. गॅरेजमध्ये आई, मी आणि शालीत गुंडाळलेल्या काकू, अशा आम्ही मोठी पानं काढायला बसलो. चीक इतका की कात्री उघडेना. आईंनी घरून खोबरेल आणायला लावलं आणि फणस चिरताना लावतात तसं सगळ्यांच्या बोटांना चोपडलं, काकूंच्यासुद्धा. वास तर असा की माझ्या मुलाने दारातूनच नाक धरून "आजी, यू स्टिंक" म्हणून जाहीर केलं. काकांनी फांद्या दोरीवर उलट्या टांगल्या, दिवा मालवला, दार लावलं. एरवी चार दोऱ्या भरायच्या. ह्या वेळी एकच भरली, तीही पूर्ण नाही. आई दार लागेपर्यंत त्या दोरीच्या रिकाम्या टोकाकडे बघत होत्या. मला त्यांचा इतका राग आला होता ना, तो त्या संध्याकाळी कुठे गेला कोण जाणे.

वाळवून, बटर करून झालं तेव्हा काका म्हणाले, काटकसरीने वापरलं तर उन्हाळ्यापर्यंत कसंबसं जाईल, पुढचं पुढे बघू. आईंच्या परतीच्या आदल्या दिवशी काकूंनी आमच्याकडे येऊन बिस्किटाचा तुकडा खाल्ला, गप्पा मारल्या आणि मग मेतकूट-भात खाल्ला, चांगला वाटीभर. आई समोर बसून त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, हिला आणखी वाढ.

पुण्याला गेल्यावर दर रविवारी व्हिडिओ कॉल. नातवाची चौकशी नंतर. आधी, पुरतंय का गं त्यांना? मी म्हणायची, पुरतंय, आई, जपून वापरतायत. त्या म्हणायच्या, मी तिथे असते तर एकेक फूल परत चिकटवलं असतं.

काकू फेब्रुवारीत गेल्या. बाहेर एवढा बर्फ की आम्हाला काकांच्या दारापर्यंत वाट काढत जावं लागलं. काही दिवसांनी ते आमचे डबे परत द्यायला आले. दारातच उभे राहून म्हणाले, फ्रीजरमध्ये बटरची बरणी आहे, अर्ध्याहून जास्त भरलेली, तिचं काय करायचं ते सुचत नाही.

आईंना कळवायचं नवऱ्याकडून झालं नव्हतं. मग मीच त्या रविवारी फोन लावला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"पुरलं, आई," मी म्हटलं. "उरलंसुद्धा."

त्या रडायला लागल्या आणि मलाही आवरेना.

"उरायला नको होतं गं," त्या म्हणाल्या.